कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही: गिऱ्हाईक हल्ली बघतं तरी काय?

गवती_चहा (धागाकर्ती)

आईबाबांचा कोथरूडचा फ्लॅट विकायला काढलाय. १९८९ चं बांधकाम, तिसरा मजला, दोन बेडरूम, पूर्वेला जोड गच्ची, दोन्हीकडून वारा. करारात बिल्टअप (भिंती धरून) ८६० चौरस फूट लिहिलंय. लिफ्ट नाही. पार्किंग म्हणजे जो आधी येईल त्याची गाडी आत, बाकीच्यांच्या रस्त्यावर. बाबांच्या गुडघ्यांनी जिन्याला रामराम ठोकल्यामुळे दोघं आता माझ्याकडे बाणेरला असतात.

दिवाळीपासून लोक बघायला येताहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून दम खातात तेव्हाच आमचा निकाल लागलेला असतो. वर आले तरी हॉलमध्ये उभं राहून पार्किंगचं विचारतात आणि निघतात. गच्चीचं दार उघडून बघावं असं कोणालाही वाटत नाही. एका जोडप्यानं विचारलं, "अमेनिटीज काय आहेत?" बाबा शांतपणे म्हणाले, "खाली बोअर आहे."

हे घर घेतलं तेव्हा बाबांनी काय बघितलं होतं? शाळा चालत, मंडई चालत, बसथांबा जवळ, दुपारी घरात दिवा लावायला लागू नये आणि शेजार बरा असावा. आता लोक काय बघतात? आणि अशा फ्लॅटला खरंच कोणी घेणारं आहे का, की रीडेव्हलपमेंटची वाट बघत बसायचं?

कृपया "भाड्याने द्या" सांगू नका.

नळस्टॉप_नाका

भाड्याने द्या.

गवती_चहा

आभारी आहे. पहिल्याच प्रतिसादात काम झालं.

रावेतकर

तुम्हाला राग येईल, पण मी तो "दम खाणारा" गिऱ्हाईक आहे म्हणून सांगतो. आम्ही दोघं हिंजवडीत नोकरीला. कोथरूडमध्ये बघायला सुरुवात केली, कारण बायकोचं माहेर तिथलं. जुन्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला जी किंमत सांगत होते त्यात रावेतला तीन बेडरूम, दोन गाड्यांचं पार्किंग, लिफ्ट, जनरेटर आणि मुलाला सायकल चालवायला मोकळी जागा मिळाली. तुमची गच्ची सुंदर असेल, पण मला रोज रात्री साडेनऊला गाडी लावायला जागा शोधायची नाहीये. तिसऱ्या बेडरूमचं म्हणाल तर लॉकडाऊननंतर ती चैन राहिली नाही. दोघांचेही कॉल एकाच वेळी चालू असतात.

पेठेतला_म्हातारा

हे रडगाणं प्रत्येक पिढीचं असतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हा शनिवार पेठेतले लोक म्हणायचे, "इतक्या लांब कोण जाऊन राहणार, तिथे कोल्हे ओरडतात." पुढे वाड्यातले भाडेकरू कोथरूडला फ्लॅट घेऊ लागले, कारण त्यांना घरात संडास हवा होता. वाड्यात चौक होता, आड होता, माणसं होती. पण पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहायला लागायचं, ते आठवणींच्या लेखात कोणी लिहीत नाही. त्या वेळी आमच्या वडलांच्या पिढीला घरातला संडास ही अमेनिटीच वाटत होती. आता तुमचा लिफ्ट नसलेला मजला त्या रांगेत येऊन उभा राहिलाय, एवढंच.

ढब्बू_मिरची

>> तुमचा लिफ्ट नसलेला मजला त्या रांगेत येऊन उभा राहिलाय

काका, डबा घेऊन?

किल्लीवाला

कर्वे रोड, पौड रोड पट्ट्यात दलाली करतो, त्यामुळे रोजचं बघणं आहे. विचारण्याचा क्रम सांगतो. पहिलं पार्किंग, तेही "कव्हर्ड आहे का आणि माझ्या नावावर आहे का". दुसरं लिफ्ट. तिसरं पाणी, टँकर लागतो का. चौथं रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का. घर आतून कसंय हे त्यानंतर, आणि तेही फोटोत बघून झालेलं असतं.

पार्किंगवरून फसवाफसवी फार चालते म्हणून लिहितो. जुन्या इमारतींत बिल्डरनं स्टिल्टमधली (इमारतीखाली खांबांमधली) जागा वेगळे पैसे घेऊन "विकलेली" असते आणि मालक ती चिठ्ठी जपून ठेवतात. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग आणि मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सोसायटीची सामाईक जागा. तेव्हा विकणाऱ्यानं "पार्किंगसह" असं जाहिरातीत लिहिण्याआधी सोसायटीचा ठराव बघावा.

आणि ताई, तुमच्या गच्चीचं दार कोणी का उघडत नाही ते सांगू का? ते लोक गच्ची विकत घेतच नाहीयेत. पस्तीस वर्षांच्या इमारतीत ते जमिनीतला हिस्सा घेतात. इमारत पडणार हे धरूनच आलेले असतात. जी पडणार त्या घरातला वारा कोण बघणार?

गवती_चहा

@किल्लीवाला, कडू आहे, पण हे आजवर कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

सुगरण_नाही

वारा बघणाऱ्यातली मी एक आहे, म्हणून जरा रागानं लिहिते. गेल्या वर्षी नवीन घर शोधत होतो तेव्हा मी पर्समध्ये मेजरटेप ठेवायचे. सँपल फ्लॅटमधला पलंग हातानं मोजला. तो मुद्दाम लहान करून घेतलेला होता, त्यावर पाय पसरून मोठा माणूस झोपूच शकत नाही. खोल्यांना दारं बसवलेली नव्हती, त्यामुळे सगळं ऐसपैस वाटतं. स्वयंपाकघरात ओटा सलग सात फूटही नाही. गॅस, सिंक आणि मिक्सर ठेवल्यावर पोळी लाटायची कुठे? फ्रिजसाठी जो कोनाडा ठेवला होता त्यात फ्रिजचं दार पूर्ण उघडेना. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं की मोलकरणीला भांडी घासायला बसायला जागा नाही. सेल्सच्या मुलाला विचारलं, कपडे कुठे वाळत घालायचे? म्हणे, "मॅडम, सोसायटीत बाहेरून कपडे दिसलेले चालत नाहीत." क्लबहाऊसमध्ये घालू का मग?

आमच्या जुन्या सहकारनगरच्या घरात संडास आणि न्हाणीघर वेगळं होतं, सकाळी एकाच वेळी दोघांचं काम व्हायचं. आता प्रत्येक बेडरूमला अटॅच्ड, आणि पाहुण्यानं आमच्या पलंगाला वळसा घालून जायचं.

हिशेबनीस

सुगरणताई, पलंगाची युक्ती खरी आहे. आता थोडं आकड्यांचं. (कंटाळा येणाऱ्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.)

रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) १ मे २०१७ पासून लागू झाला तेव्हापासून बिल्डरला कार्पेट एरियावर (आतल्या वापरायच्या जागेवर) विकावं लागतं. या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. त्याआधी सगळा बाजार "सेलेबल"वर चालायचा, त्यात जिना, लॉबी, लिफ्ट सगळं वाटून घातलेलं असे. त्यामुळे "आमचा साडेनऊशेचा" आणि "त्यांचा साडेसातशेचा" ही तुलना करूच नका. गवती_चहा, तुमचं ८६० बिल्टअप आहे. एकदा आतून कार्पेट मोजून घ्या आणि जाहिरातीत तेच लिहा. जुनी घरं तिथे बरी दिसतात.

दुसरं, कर. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का, पण त्याला ४५ लाखांची मर्यादा आहे). पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क पुणे मनपा हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर धरून ७ टक्के, खरेदीदार बाई असेल तर १ टक्का कमी, वर नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ९० लाखांच्या नव्या घरावर साडेचार लाख जीएसटीचेच जातात. गिऱ्हाईक हे विसरतं, तुम्ही आठवण करून द्या.

जुन्या घराची अडचण कर्जाची. बँकेचा माणूस येऊन इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहून देतो आणि त्या हिशेबानं मुदत कापतात. वीस वर्षांऐवजी बारा मिळाली की हप्ता चढतो आणि तरुण गिऱ्हाईक गळतं. रावेतकरांनी हे लिहिलं नाही, पण निम्म्या वेळा खरं कारण हे असतं.

रावेतकर

बरोबर. आम्हाला एका बँकेनं जुन्या घराला दहाच वर्षं सांगितली होती.

वेताळ_टेकडी

रावेतकर, टँकरचं पण सांगा ना. सोसायटीचा मासिक मेंटेनन्स किती आणि त्यात टँकरचा वाटा किती?

रावेतकर

उन्हाळ्यात निम्मा. हसा.

वेताळ_टेकडी

हसत नाही. माझा भाऊ वाघोलीला राहतो. स्विमिंग पूल आहे, त्यात पाणी आहे, नळाला नाही. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, पण पाइपलाइन कागदावरनं जमिनीत यायला वेळ लागतो. आणि ही फक्त नव्यानं आलेल्या गावांतली गोष्ट नाही, बाणेर-बालेवाडीतही तेच भोगलंय लोकांनी. त्या मानानं कोथरूडला दिवसाआड का होईना खडकवासल्याचं पाणी येतं. जाहिरातीत पहिल्या ओळीत "पालिकेचं पाणी" लिहा.

गवती_चहा

दिवसाआड नाही हो, रोज येतं! सकाळी साडेपाच ते आठ. आई अजूनही बाणेरला साडेपाचला उठून पिंप भरायला जाते, मग आठवतं.

आंबील_ओढा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर उलट्या बाजूचंही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा घरात आला तेव्हापासून आमच्याकडे घर बघायला येणारा माणूस आधी ओढा कुठाय ते विचारतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर तर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द रिक्षावाल्यालाही पाठ झाले. (निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची.) दहा वर्षांपूर्वी "रिव्हर व्ह्यू"चे जास्त पैसे घ्यायचे. माझ्या आत्येभावानं भरले होते. आता तोच घर विकताना "नदी लांब आहे" असं सांगतो.

ढब्बू_मिरची

खिडकीतून दाखवू नका म्हणावं.

नाशिकची_द्राक्षं

अवांतर: आमच्याकडे नाशिकला उलटं. माझ्या लहानपणी गंगापूर रोडला रो-हाऊस आणि बंगला घेणं हेच स्वप्न होतं. आता आईवडील एकटे, मुलं पुण्याला, म्हणून लोक बंगले विकून फ्लॅटमध्ये येताहेत. कारण विचारलं तर सुरक्षा. बाग कोण झाडणार हे खरं कारण.

डॅलसची_मामी

+१. आमच्या सासऱ्यांनीही तेच केलं. वॉचमन असला की आम्हाला इथे झोप लागते. पुण्यात ज्येष्ठांसाठीचे वेगळे प्रकल्प निघालेत, जेवणाचा डबा, डॉक्टर, बाथरूममध्ये धरायला दांडे. सासरे म्हणाले, "सगळे म्हातारेच असतील तर भांडायला मजा काय?" गेले नाहीत.

पेठेतला_म्हातारा

तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

खांदेकरी

मी पेशानं आर्किटेक्ट, रीडेव्हलपमेंटची कामं करते. किल्लीवाला म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. पाडून नवं होणार हे धरून येणारं गिऱ्हाईकसुद्धा फसू शकतं. गवती_चहा, तुमच्यासमोरचा रस्ता किती रुंद आहे? मोजा. डोळ्यांनी नको, टेपनं, आणि पालिकेच्या नकाशावरही बघा.

कारण असं: डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित नियमावली आली, तिच्यात किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ मिळतो, वरचा प्रीमियमचा (जादा पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआरचा (दुसऱ्या जागेचा विकत आणलेला) मिळत नाही. नऊ मीटर झाला की हे सगळं मिळून २ पर्यंत जातं. शिवाय अॅन्सिलरी, म्हणजे पूरक, ६० टक्के वेगळा, तो पैसे भरून. आता १९८९ मध्ये तुमच्या बिल्डरनं बहुतेक १ वापरलेला आहे. सहा मीटरच्या गल्लीत नवीन बिल्डरला विकायला उरतं काय? मग तो रहिवाशांना जागा वाढवून देणार कुठून? पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्यावरून जो गदारोळ झाला तो याचसाठी होता. दोन गल्ल्यांमधल्या सारख्याच दिसणाऱ्या इमारतींच्या भावात आज जो फरक पडतो तो घरामुळे नाही, या तीन मीटरमुळे.

आणखी एक. जुन्या पुण्यात गच्च्या इतक्या का होत्या? कारण त्या वेळी जोड गच्ची एफएसआयमध्ये धरत नसत. बिल्डरला ती द्यायला परवडायची. आता बाल्कनीसुद्धा एफएसआयमध्ये मोजतात. मागणी बदलली म्हणून गच्च्या गेल्या असं लोकांना वाटतं. नियम बदलले आणि आवड मागनं त्यांच्यामागे गेली.

सुगरण_नाही

हे वाचून मला माझ्या मेजरटेपचा अभिमान वाटतोय.

गवती_चहा

खांदेकरी, आज बाबांना घेऊन गेले होते. रस्ता कोपऱ्यावर नऊ भरतो, आमच्यासमोर साडेसात. समोरच्या सोसायटीनं कठडा पुढे घेतलाय असं बाबा १९९४ पासून म्हणत होते आणि आम्ही त्यांना गप्प करत होतो.

खांदेकरी

मग आधी मंजूर नकाशा काढा. रस्ता कागदावर नऊ असेल तर बाबांचं म्हणणं सोसायटीच्या सभेत मांडायच्या योग्यतेचं आहे. आणि हे बघा की तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट. कोथरूडात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लरेशन केलेली अपार्टमेंट्स भरपूर आहेत आणि लोक त्यालाच "सोसायटी" म्हणतात. पुनर्विकासाचे सहकार कायद्याच्या कलम ७९अ चे निर्देश (४ जुलै २०१९ चे, ज्यात एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते) सहकारी सोसायट्यांसाठी आहेत. सोसायटी असेल तर कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं) झालंय का? जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल तर गिऱ्हाईकाचा वकील पहिल्या दिवशी तिथेच बोट ठेवेल.

नळस्टॉप_नाका

कन्व्हेयन्स! आमच्या सोसायटीत हा शब्द काढला की सेक्रेटरींना गावाला जावं लागतं.

रावेतकर

एक कबूल करतो हं. इथे सगळं आहे, पण दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. मुलाला तापबिप आला की सासूबाईंना कोथरूडहून यायला सव्वा तास. बायको हल्ली गप्प बसून जुन्या घरांच्या जाहिराती बघते, मला दिसतं.

किल्लीवाला

बघा, तेच लिहायला आलो होतो. लिफ्ट नसलेले फ्लॅट माझ्याकडून विकले जातात ते कोणाला? अनोळखी माणसाला क्वचित. ज्यांचे आईवडील त्याच गल्लीत राहतात अशा मुली-जावयांना. लहान मूल आहे, दोघं नोकरीला, पाळणाघरावर भरवसा नाही. अशा घरात तिशीतली माणसं असतात, त्यांना तीन मजले जड नाहीत. त्यांना आजीचं घर पाच मिनिटांवर हवं. हे गिऱ्हाईक ऑनलाइन जाहिरातीवर येत नाही, ते वाण्याच्या दुकानात, भाजीवाल्याकडे, शाळेच्या दाराशी मिळतं. ताई, तुमच्या आईनं चार ओळखीच्या काकूंना फोन केला तर माझ्या वेबसाइटपेक्षा लवकर काम होईल. (दलाली बुडली तरी चालेल. फारशी नाही, पण चालेल.)

दुसरं गिऱ्हाईक मेट्रोचं. ६ मार्च २०२२ ला वनाज-गरवारे सुरू झाली तेव्हा लोक फिरायला जायचे. मार्च २०२४ पासून सलग रामवाडीपर्यंत जाते तेव्हापासून कल्याणीनगर, येरवड्याला नोकरी असलेले इकडे विचारायला लागलेत. दोन गाड्यांऐवजी एक दुचाकी चालते म्हणतात. म्हणजे तुमच्या पार्किंगची धार तिथे थोडी कमी होते. स्टेशन किती लांब?

गवती_चहा

आयडियल कॉलनी, चालत दहा-बारा मिनिटं. आईला सांगितलंय. तिनं काल जोशीकाकू, कुलकर्णीकाकू आणि पिठाच्या गिरणीवाल्यांना फोन केले. आज संध्याकाळी गिरणीवाल्यांच्या ओळखीतली एक मुलगी येऊन गेली. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन न थांबता वर चढली, गच्चीचं दार स्वतः उघडलं, आणि मग कठड्याची उंची मोजली. जाळी लावता येईल का विचारलं. पैशांचं नवऱ्याशी बोलून सांगते म्हणाली. रस्त्याच्या रुंदीचं मी तिला आपणहून सांगितलं, उगाच नंतर कटकट नको.

माझा भाऊ कॅनडात आहे, घर आता आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे. त्याच्या हिश्श्याचं काही वेगळं करावं लागतं का?

हिशेबनीस

लागतं, आणि व्यवहार ठरायच्या आधी. तुमच्या हिश्श्यावर, एकूण किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर, खरेदीदार १ टक्का टीडीएस (तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारात भरायचा कर) कापेल. भाऊ अनिवासी असल्यामुळे त्याच्या हिश्श्यावर कपात बरीच जास्त. प्रत्यक्ष नफ्यापुरतीच कपात व्हावी असं हवं असेल तर त्यानं प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधीच मागावा, त्याला वेळ लागतो. शिवाय २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला नफ्यावर १२.५ टक्के कर, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता). त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी २० टक्के आणि इंडेक्सेशन हा पर्याय निवासी माणसाला आहे, म्हणजे तुम्हाला आहे, भावाला नाही. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन करून घ्या. हे सगळं त्या मुलीच्या नवऱ्यालाही सांगा, कपात त्याला करायची आहे आणि चुकली तर नोटीस त्याला येते.

गवती_चहा

बाप रे. बरं. सीए गाठते.

वेताळ_टेकडी

त्या मुलीचं नाही जमलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मावसबहीण आयडियल कॉलनी परिसरातच शोधतेय. दुचाकीवाली आहे.

किल्लीवाला

व्यनित मलाही घ्या की राव.

ढब्बू_मिरची

दलाली एका बाजूनं की दोन्ही?

किल्लीवाला

ते फोनवर बोलू.